लोगो राहू द्या, आधी निशाणी काढा

विचारलंय ते थोडक्यात असं. एक ताई नोकरी सांभाळून पाच-सहा वर्षं लाकडी चमचे आणि पोळपाट, चामड्याची पाकिटं आणि हाताने शिवलेल्या वह्या करतात. आता प्रदर्शनात स्टॉल लावायला लागल्यात आणि त्यांना प्रत्येक वस्तूवर उमटवता येईल असं स्वतःच्या कौशल्यांचं एक चिन्ह हवंय. अ‍ॅपवर एक करून पण बघितलं, गोलात करवत, सुई, पुस्तक, एक पान, खाली इंग्रजीत नाव आणि 'हँडमेड विथ लव्ह'. लेसरवाल्याकडून पाकिटावर मारून घेतलं तर म्हणे डाग पडल्यासारखं दिसतंय. चुकलं कुठे आणि नीट कसं करायचं?

ताई, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. अ‍ॅपवर जे झालं ते चिन्ह नाही, ती नोकरीच्या अर्जाला जोडायची यादी आहे, मला करवत येते, मला सुई येते, मला पुस्तक येतं. आणि ती यादी 8 मिलिमीटरच्या गोलात कोंबली की चामडं तरी बिचारं काय करणार, सगळ्या रेघा एकमेकींच्या गळ्यात पडतात.

मी शिक्के खोदतो. पोलादात, पितळेत. गिऱ्हाईक म्हणजे चांदीवाले, तांब्याची भांडी घडवणारे, चपला करणारे, आणि हल्ली तुमच्यासारखे घरून काम करणारे बरेच. सुरुवात मात्र भांड्यांच्या दुकानात झाली, बारावीनंतर, दुकानाच्या दाराशी स्टूल टाकून नावं घालायचं काम. ज्यांच्या घरात जुने स्टीलचे डबे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, 'सप्रेम भेट' आणि खाली मामा-मामींचं नाव, ते टिंबाटिंबांचं अक्षर. लग्नसराईत संध्याकाळी घरी गेलो तरी हात थरथरत असायचा मशीनमुळे. एकदा एक तांबटकाका दुकानात माल द्यायला आले, मी त्यांनीच घडवलेल्या पातेल्यावर कुणाच्या तरी आत्याचं नाव घालत होतो. ते थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, देणाऱ्याचं नाव झालं, घेणाऱ्याचं झालं, आणि ठोकणाऱ्याचं कुठंय रे? मी काय बोलणार. पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच, पुढे भांड्यांचं दुकान सोडून एका ठसेवाल्या उस्तादांकडे शिकायला गेलो त्याला हेच कारण.

आता असंही नाही की आपल्याकडे करणाऱ्याने कधी सही केलीच नाही. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यातून यक्षाची एक मूर्ती मिळाली, तिच्या हातावर ब्राह्मीत लिहिलंय की ही कण्हदासाने केली, आणि तो स्वतःला सोनार म्हणवतो, म्हणजे दगडावर काम करणारा सोनार. कर्जतच्या बाजूला राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत, तिथे चैत्याच्या दर्शनी भिंतीवर एका कोरलेल्या चेहऱ्यापाशी लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक याने केलं. दोन हजार वर्षं झाली, बलकने काय खाल्लं-प्यालं आपल्याला माहीत नाही, पण कुणाच्या हाताखाली शिकला ते माहितीय. मला ते फार आवडतं, माझ्या उस्तादांचं नाव मी कुठे कोरलेलं नाही म्हणून असेल कदाचित.

पण तुमच्या कामाचं उदाहरण लेण्यातलं नाही, ते जुन्या कागदांतलं आहे. शिवकाळात, पेशवाईत गावात वतनाचा वगैरे तंटा झाला की गोतसभा बसायची, निवाडा व्हायचा, त्याचा महजर लिहायचे. खाली गावातल्या सगळ्यांची साक्ष. आता पाटलाला लिहिता येतंच असं नाही, मग तो काय करायचा, नांगराचं चित्र काढायचा, चार-पाच रेघांचं, आणि शेजारी कारकून लिहायचा 'निशाणी नांगर'. शेट्याची तागडी. शिपाईगड्याची कट्यार. सुताराचं किंकरं, म्हणजे त्याची पटाशी. बस. नाव नाही, गोल नाही, पान नाही, प्रेमाने बनवलेलं नाही. आणि ही माणसं काही चित्रकार नव्हती, वर्षातून एखाद वेळी बोरू हातात धरणारे हात, तरी बघणाऱ्याला कळायचं की हा पाटील आणि हा सुतार.

त्या कागदांवरून मी एक परीक्षा उचललीय आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती देतो: तुमच्या चिन्हाशेजारी कारकुनाने काय लिहायचं? 'निशाणी' हा शब्द लिहा आणि पुढे एक किंवा फार तर दोन शब्द. 'निशाणी गोलातली करवत आणि सुई आणि पुस्तक आणि पान' असं लिहायला लागलं तर कारकून बोरू खाली ठेवेल. दोन शब्दांत नाव घेता येत नाही ते चिन्ह अजून झालेलं नाही, ते परत कागदावर न्या. फोनवर एखाद्याला सांगता आलं पाहिजे की पाकीट उलटं करून बघ, आत अमुक आहे का, असेल तर माझं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण हत्यार हे चिन्ह म्हणून घ्यायचं म्हटलं की ती येतेच. त्या निशाण्या जातीच्या पण होत्या. बलुतेदाराचं हत्यार त्याला निवडायला मिळालेलं नव्हतं. माझ्याकडे कोल्हापूरकडचे एक चर्मकार आले होते, साठीचे, त्यांना शिक्का हवा होता, मी उत्साहाने चामडं कापायच्या रापीचं चित्र काढून दाखवलं, छान झालं होतं, अर्धचंद्र पातं आणि मूठ. त्यांनी कागद बाजूला सारला. म्हणाले, हे आमच्या बापजाद्यांच्या कपाळावर मारलेलंच होतं, आता मी पैसे देऊन परत मारू? मग आम्ही त्यांच्या वेणीचा नमुना घेतला, चपलेच्या पट्ट्यावर ते जी घालतात ती तीनपदरी. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा आला आणि त्याने स्वतःहून रापीच मागितली, मोठी, पट्ट्यावर दिसेल अशी. दोघांचंही बरोबर. मला एवढंच कळलं की हत्यार निवडायचं की हत्याराची खूण, हे ज्याच्या हातात ते हत्यार आहे त्यानेच ठरवायचं, डिझायनरने नाही.

आणि खूण हा शब्द वापरला तो मुद्दाम. हत्याराचं चित्र सगळेच काढतात. आडव्या-उभ्या दोन हातोड्या, खाली साल, असे शिक्के मी इतके खोदलेत की डोळे मिटून खोदीन. ते वाईट नसतात, फक्त कुणाचेही असू शकतात. हत्यार मटेरियलवर जी खूण सोडतं ती मात्र तुमच्या हाताची असते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्यावर मठारकाम करतात ना, हातोडीचे ते एकसारखे चकचकीत पैलू, तिथले जुने लोक पैलू बघून सांगतात कुणाचा हात आहे. तेव्हा चित्र काढायला बसण्याआधी हे करा: तुमच्या दहा-बारा वस्तू पुढ्यात घ्या, त्यातल्या दोन बिघडलेल्याही असू द्या, वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. जो ठसा येईल तो बघा.

तुम्ही लिहिलंय की चमचे गोल पटाशीने कोरता आणि पॉलिश पेपरने घासून सपाट करत नाही, पटाशीच्या खुणा ठेवता. म्हणजे कागदावर काय येणार, चंद्रासारख्या कोरी. एकाशेजारी एक, मधे जाड आणि टोकांना निमुळत्या. पाकिटं दोन सुयांनी शिवता, म्हणजे टाके तिरके पडत असणार, एका रांगेत झुकलेले. वह्यांच्या पुठ्ठ्यापाशी पण टाकेच. झालं की मग, तीन कामं म्हणून तीन चित्रं काढत होतात, प्रत्यक्षात हात दोनच गोष्टी करतोय, कोरतोय आणि शिवतोय.

मी तुमचं वाचता वाचता बिलाच्या मागे काढून बघितलं म्हणून सांगतो. पहिलं, कोर वर तोंड करून ठेवली आणि तिच्यावर एक टाका. चंद्रबिंदू. लोक ॐ चा उरलेला भाग शोधत बसतील. मग कोर पालथी केली आणि खाली तीन तिरके टाके, ते झालं छत्री आणि पाऊस, पावसाळी चपलांच्या दुकानाला चांगलं आहे. कोर उभी केली तर इंग्रजी सी. मग टाके कोरीच्या बाहेर ठेवायचेच कशाला असं वाटलं, आणि एक आडवी, किंचित कललेली जाड कोर काढून तिलाच तीन तिरके छेद दिले. छेद म्हणजे मोकळी जागा, तिथे शाई नाही. आता ती कोरलेली पण दिसते आणि शिवलेली पण. कारकून लिहील, निशाणी शिवलेली कोर. आपल्याकडे कोर म्हणजे चंद्राची पण आणि भाकरीची पण आणि कोरणं पण त्यातच आलं, तुमचे पोळपाट आहेतच. हे तुम्ही घ्यावं असं नाही, घेतलंत तर मला आनंद, पण सांगायचं होतं ते हे की चिन्ह असं हाती लागतं, आधी तीन वेळा छत्री होते.

आता माप. हे सगळ्यात शेवटी बघतात लोक आणि तिथेच सगळं फसतं, खरं तर इथून उलटं यायचं असतं. तुमची सगळ्यात लहान वस्तू कुठली, चमच्याच्या दांड्याचं टोक, तिथे सपाट जागा किती, समजा 8 मिलिमीटर. तर चिन्ह 8 मिलिमीटरला चाललं पाहिजे, मोठं करणं सोपं असतं. कागदावर 8 सेंटिमीटरला काढा, झेरॉक्सवाल्याकडून दहा टक्क्यांवर आणा, भिंतीला चिकटवा आणि दोन पावलं मागे जा. डोळे बारीक करून बघा. जे शिल्लक राहिलं तेच तुमचं चिन्ह, बाकीचं तुम्हाला वाटत होतं.

रेघांची जाडी मटेरियलप्रमाणे बदलते. चांदी-तांब्यावर पोलादी पंच, म्हणजे ठोकायचा ठसा, असेल तर पाव मिलिमीटरची रेघ पण स्वच्छ येते. चामड्यावर मी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जात नाही आणि दोन रेघांमधली मोकळी जागा रेघेपेक्षा जास्त ठेवतो, कारण चामडं दाबलं की बाजूने वर येतं, मोकळी जागा खातं. लाकडावर डाग द्यायचा म्हणजे तापवून जाळायचं असेल तर किमान 1 मिलिमीटर रेघ आणि सव्वा-दीड मिलिमीटर मोकळं, जळण पसरतंच. म्हणून त्या कोरीचे छेद चामड्यासाठी पाऊण मिलिमीटर ठेवले तर लाकडासाठी वेगळा, रुंद छेदांचा ठसा करावा लागेल, चामड्याचाच ठसा तापवून लाकडावर मारलात तर तीन छेद बुजून एक काळं वांगं होईल. दोन ठसे म्हणजे दोन चिन्हं नव्हेत, एकाच चिन्हाचे दोन अंगरखे आहेत. आणि कोरीची टोकं सुईसारखी करू नका, बोथट ठेवा, अर्धा-पाऊण मिलिमीटर, अणकुचीदार टोक ठशावर आधी तुटतं आणि लाकडावर आधी जळतं.

कुंभारकाम करणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी एकच, माती सुकताना आणि भाजताना आक्रसते, स्टोनवेअर साधारण दहा-बारा टक्के, तेव्हा ठसा तेवढा मोठा करा आणि माती चामड्याइतकी कडक झाली की मारा.

चामड्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण तुमचा डाग तिथेच पडलाय. चामडं कुठलं आहे ते आधी बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरीला वापरतात तसं झाडपाल्याचं चामडं असेल तर त्याला लेसर लागतच नाही. ओल्या स्पंजने पुसा, रंग गडद होऊन परत फिका व्हायला लागला की ती वेळ, ठसा ठेवा आणि दाबा. सुकल्यावर आयुष्यभर जात नाही. क्रोम टॅनिंगचं, म्हणजे रसायनाने कमावलेलं, मऊ चामडं असेल तर ते रबरासारखं परत वर येतं, त्यावर दाबून काही राहत नाही, तिथे मग लेसर किंवा फॉइल, किंवा आतल्या बाजूला झाडपाल्याच्या चामड्याचा छोटा तुकडा शिवून त्यावर ठसा. मला विचाराल तर तुकडा. बहुतेक पाकिटवाले हेच करतात आणि ते दिसतं पण छान. आणि भरीव चिन्ह मोठं करू नका, जेवढं क्षेत्रफळ तेवढं बळ, 8 मिलिमीटरची कोर लाकडी हातोड्याच्या एका घावात बसते, 25 मिलिमीटरच्या भरीव गोलाला प्रेस लागते.

माझ्या पहिल्या चिन्हाची गोष्ट ऐका म्हणजे पटेल. 1996 च्या आसपास, उस्तादांकडून मोकळा झालो आणि स्वतःचा शिक्का करायचा ठरवलं. उगवता सूर्य, त्यात हातोडी-छिन्नी आडवी-उभी, खाली कमळ, कमळात आद्याक्षरं, त्याखाली साल. तीन आठवडे रात्री जागून खोदला, भिंगाखाली बघितला तर डोळ्यात पाणी यायचं इतका सुंदर. 14 मिलिमीटरचा होता. तांब्याच्या पट्टीवर मारला, एका घावात उमटेना, दुसरा घाव दिला तर ठसा हलला, दोन सूर्य. शेवटी कसाबसा एक नीट आला तो गिऱ्हाइकाला दाखवला तर तो म्हणाला, मोदक का मारलाय? तो पंच अजून आहे माझ्याकडे, खिडकी वाजू नये म्हणून फटीत अडकवतो.

आता माझं चिन्ह म्हणजे एक तिरपा घाव. छिन्नीचा एकच. बाजूला एक टिंब.

ठसा कुणाकडून करून घ्याल तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, ठशावर चिन्ह उलटं असतं, आरशातल्यासारखं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे एकदा चुकतात. मी एका दुकानासाठी 'क' सरळ खोदला होता, आणि त्यांनी न बघता चाळीस पितळी बिल्ल्यांवर मारून टाकला, उलटा क देवनागरीत दुसरं काहीच होत नाही, नुसता उलटा क दिसतो, लपवता येत नाही. पैसे मी भरले. दुसरं, प्रूफ मागा. आम्ही पोलादाला पाणी द्यायच्या आधी, म्हणजे ते कडक करायच्या आधी, ठशाचं तोंड दिव्याच्या ज्योतीवर धरतो, काजळी बसते, मग तो गुळगुळीत कागदावर दाबायचा. काजळीचा ठसा इतका बारीक येतो की कुठे रेघ जाड झालीय, कुठला छेद बुजतोय ते शाईपेक्षा स्वच्छ कळतं. तोवर कानशीने, छिन्नीने सुधारता येतं. एकदा पाणी दिलं की संपलं. (म्हणायचं पाणी देणं, पण आमचं ओएचएनएस पोलाद लालबुंद करून तेलात बुडवतात, आणि मग परत हलकं तापवून गवताच्या पिवळ्या रंगावर आणतात, नाहीतर पहिल्या घावाला कपचा उडतो.)

तुम्हाला मात्र पोलादाची गरज नाही. चामडं आणि लाकूड दोन्हीला पितळी ठसा पुरतो, डायवाले सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, कापून देतात, मूठ घरी बसवा. त्याच्याही आधी खोडरबर घ्या, पांढरा, मोठा, ब्लेडने त्यात कोर कापा. अर्ध्या तासाचं काम. स्टॅम्प पॅडवर दाबून महिनाभर वह्यांच्या शेवटच्या पानावर, बिलावर, पाकिटाच्या खोक्यावर मारत रहा. महिन्याने कंटाळा आला तर बरं झालं, दहा रुपयांत कळलं.

अक्षरं हवीत का? बरेच जण विचारतात, तुम्ही नाही विचारलंत पण अ‍ॅपवाल्यात नाव होतं म्हणून. अक्षरं चालतात, पण अक्षरांचंही चित्र व्हायला हवं. ड्युररचं बघा, जर्मनीतला चित्रकार, पाचशे वर्षांपूर्वीचा, मोठा रुंद ए आणि त्याच्या दोन पायांत उभा डी. लांबून घरासारखं दिसतं. ते इतकं प्रसिद्ध झालं की इटलीत एकाने त्याच्या चित्रांच्या नकला केल्या त्या त्या खुणेसकट केल्या. देवनागरीत आपल्याला शिरोरेषा फुकट मिळालीय, दोन अक्षरं एका रेघेखाली टांगता येतात, इंग्रजीत ही सोय नाही. पण बारीक आकारात घ आणि ध, भ आणि म, र-व जोडून आले की ख, हे गोंधळ होणारच, तेव्हा आतल्या मोकळ्या जागा मोठ्या ठेवा आणि शिरोरेषा बाकीच्या रेघांपेक्षा जाड करू नका. मोडीतलं अक्षर हवं म्हणून येणारी तरुण मुलं वाढलीत अलीकडे, दिसतं देखणं, फक्त मोडी येणाऱ्या माणसाला दाखवून घ्या, मी एकाच्या हातावर गोंदलेलं बघितलंय ते त्याच्या समजुतीप्रमाणे 'श' होतं.

कायद्याचं पटकन. चिन्ह रजिस्टर करायचं तर ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, एकट्या माणसाला एका वर्गाची फी 4,500 रुपये, पण वर्ग वेगवेगळे असतात, चामड्याची पाकिटं 18 मध्ये, लाकडी स्वयंपाकाच्या वस्तू 21 मध्ये, वह्या 16 मध्ये, म्हणजे तुमचे 13,500. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. माझं मत विचाराल तर आत्ता करू नका, आधी दोन-तीन वर्षं वापरा, बिलांवर तारखेसकट ठसा येऊ द्या, तो वापराचा पुरावा होतो. नोंद होईपर्यंत गोलातला आर लावायचा नाही, ते बेकायदेशीर आहे, टीएम लावू शकता, आणि खरं सांगायचं तर चमच्यावर काहीच लावू नका. तिरंगा, अशोकस्तंभ वगैरे चिन्हात घ्यायचे नसतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र पण चिन्हं-नावांचा गैरवापर रोखणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या यादीत आहे हे माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.

मारायचं कुठे, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. समोर, मधोमध, मोठं, असंच धरून चालतात. जुन्या पत्रांत राजमुद्रेचा शिक्का वर असायचा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' एवढंच, म्हणजे इथे संपलं, याखाली कुणी काही घुसडू नये. शिक्कामोर्तब म्हणतो आपण ते हेच. तुमच्या वस्तूला मोर्तब हवंय, शिक्का नकोय. वस्तू वापरणाऱ्याच्या डोळ्यात दर वेळी खुपेल तिथे नको. पोळपाटाच्या खाली, पायांच्या मधे. चमच्याच्या दांड्याच्या मागे, टोकाशी, वाटीच्या भागाला कधीच नाही. वहीत शेवटच्या पानावर. पाकिटात नोटांच्या कप्प्याच्या आत, पैसे काढताना दिसेल एवढं. जपानी तलवारी करणारे लोक आपलं नाव पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर कोरतात, मूठ काढल्याशिवाय दिसतच नाही, इतकं टोकाला जायला नको पण रोख तो.

क्रमाची एक अडचण आहे ती लक्षात ठेवा. लाकडावर डाग सगळं घासून झाल्यावर पण तेल लावायच्या आधी द्यायचा. चामड्यावर मात्र शिवायच्या आधीच मारावा लागतो, शिवल्यावर आत ठोकायला जागा नसते, म्हणजे पाकीट चांगलं होणार की नाही हे ठरायच्या आधी तुम्ही त्यावर सही केलेली असते. इंग्लंडात 1363 साली सोनारांना सक्ती केली होती की प्रत्येकाने आपापली खूण ठेवायची आणि ती मालावर मारायची, ती काही मिरवायला नव्हती, माल खोटा निघाला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून होती. तेव्हा शिलाई बिघडली तर तो ठसा मारलेला तुकडा कापून काढा, आणि पाकीट तसंच स्वस्तात विकायचं असेल तर बिनठशाचं विका. माझ्याकडे चांदीचं काम करणारे एक जण येतात, ते बिघडलेल्या वस्तूवरच्या ठशावर आडवी फुली मारून मग वितळवतात. मी विचारलं, वितळवणारच आहात तर फुली कशाला? तर म्हणाले, भट्टी पेटायला संध्याकाळ होते, तोवर ती टेबलावर पडून असते ना.

चपला शिवणाऱ्या कुणाकडेही पिशवीभर कातडीचे तुकडे मिळतात, पहिले पन्नास घाव त्यावर घाला. स्पंज किती ओला, हातोडा किती उंचावरून, खाली दगड ठेवायचा की लाकूड, हे वाचून येत नाही. दगड ठेवा असं मी सांगीन.